कोरड्या चेनचं तेल

१

मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर मोटरसायकलची तुटकी चेन पडली होती. गंजून तांबूस झालेली, कोरडीठाक. काही कड्या इतक्या आखडल्या होत्या की उचलून धरली तरी चेन कोपरात वाकलेल्या हातासारखी वाकडीच राहत होती. शेजारी टाइप केलेला एक कागद होता. त्याच्या तळाशी सहीपुरती मोकळी जागा होती आणि ती भरायला मिस्त्रीला पाच वाजेपर्यंत मुदत होती.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तुम्हीच वाचा," साहेब म्हणाले. "तुम्ही घरचे, म्हणून पोलिसांआधी तुम्हाला बोलावलं."

दाजींनी कागद हातभर लांब धरला. 'गाडी क्रमांक सातच्या चेनची देखभाल न केल्यामुळे मंगळवारी झालेल्या अपघातास मी सर्वस्वी जबाबदार आहे.' शुद्धलेखन निर्दोष होतं.

दाजी हे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिस्त्री त्यांना दाजी म्हणतो म्हणून सगळं गाव दाजी म्हणतं. बत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निरोपाच्या दिवशी खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला चार मिनिटं मागं पडतं, हे दाजींनी चौथ्या दिवशी खात्याला लेखी कळवलं.

"बाकी तुमची गाडी फाटकापासूनच ऐकू आली," साहेब म्हणाले. "चेन फार ओरडते तुमची."

"तिचा स्वभाव आहे," दाजी म्हणाले. मिस्त्रीनं चार वर्षांत चाळीसदा सांगूनही त्यांनी त्या चेनला तेलाचा थेंब दाखवला नव्हता. मघाशी साहेब त्यांच्या पाठोपाठच फाटकातून आत आले, तेव्हा साहेबांच्याही गाडीखालून कट्-कट् असं काहीतरी वाजलं होतं, पण अंगणात खडी आहे, वाजायचीच, असं म्हणून दाजींनी ते सोडून दिलं.

"माझी चेन बघा," साहेबांनी खिडकीतून बोट दाखवलं. कॅबिनच्या पायरीशी त्यांची मोटरसायकल उभी होती, चेन आरशासारखी लखलखत होती. "मी स्वतः साफ करतो. मिस्त्रीला हात लावू देत नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी याच कामावर होतो. मंगळवारीच हेड ऑफिसचे अधिकारी तपासणीला आले होते, दहा वाजता. पहिली माझीच गाडी बघितली. हे प्रमाणपत्र." भिंतीवर चौकट होती. काच पुसलेली होती. "धरणाकडे रेंज नसते, पहाटेच्या अपघाताचा फोन साडेदहाला आला. काय वाटलं असेल मला?"

दाजी बाहेर आले. खांबाला टेकून मिस्त्री उभा होता. तीन दिवसांत माणूस अर्धा झाला होता.

"दाजी, ती चेन मी बघितलेली नाही."

"अरे, साहेबही तेच म्हणतायत!"

"तसं नव्हे." मिस्त्रीचा आवाज खाली आला. "ती चेन मी जन्मात कधी बघितलेली नाही."

२

कंपनीचं काम म्हणजे दवाखान्यांना औषधं पोचवायची. त्यासाठी एकाच वेळी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या नऊ मोटरसायकली होत्या. एक ते आठ चालवणाऱ्यांच्या, नववी साहेबांची. सात नंबर चालवायचा तो मिस्त्रीचा जावई. कामावर सासऱ्याला मिस्त्री म्हणायचा, घरी मामा. मंगळवारी पहाटे धरणाच्या उतारावर त्याची चेन तुटली, चाकात गुंडाळली गेली, चाक जागच्या जागी अडकलं. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. पुढचं ऑपरेशन उद्या होतं.

"सोमवारी तू काय काय केलंस, ते क्रमानं सांग," शेडमध्ये शिरत दाजी म्हणाले.

"दर सोमवारी करतो तेच. रॉकेल आणि ब्रशनं चेन धुतली. पुसली. चाक हातानं फिरवत नव्वद नंबरचं ऑइल सोडलं." मिस्त्रीनं डावा हात वर केला. पहिल्या बोटाचं टोक नव्हतं. शिकाऊ असताना इंजिन चालू ठेवून चेन पुसली होती, त्याची ती पावती. "मग ढील बघितली, दोन बोटं. मग पांढरा रुमाल फिरवला. रुमाल पास, तर गाडी पास. आणि शेवटी ठिपका."

"कसला ठिपका?"

मिस्त्रीनं आजूबाजूला पाहिलं. "हे कोणाला ठाऊक नाही. लाल नेलपॉलिश. चेनलॉकपासून, म्हणजे चेन जोडणाऱ्या कडीपासून मोजायचं. एक नंबरच्या गाडीला पहिल्या कडीवर, चार नंबरच्या गाडीला चौथ्या. आतल्या अंगाला, चाकाच्या बाजूनं. बघणाऱ्याला दिसत नाही, रॉकेलनं जात नाही."

"म्हणजे सात नंबरच्या चेनला सातव्या कडीवर. आणि टेबलावरच्या चेनला?"

"सगळ्या कड्या बघितल्या. कुठंच नाही."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"ठिपका नाही म्हणजे तू बघितलीच नाहीस, असंच म्हणाले असते ना?" मिस्त्री खाली बसला. "नोकरीचं सोडा, दाजी. लेकीनं मला एकदाच विचारलं, 'बाबा, खरंच बघितली होती?' मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. तेव्हापासून बोलतच नाही. या कागदावर सही केली तर जन्मात बोलायची नाही, आणि नाही केली तर खोटं बोलतोय म्हणेल."

दाजींनी खिशातून पोलादी पट्टी काढली. कोपऱ्यात सात नंबरचा सांगाडा पडला होता. त्यांनी मागच्या रिमवर बोट फिरवून उजेडात धरलं. बोटावर तेल होतं. ताजं, दाट, पिवळसर. रिमवर त्या तेलाचे बारीक शिंतोडे उडाले होते, अंगावर पुरळ उठावं तसे.

"तेल कोण उडवतं?"

"चेन. सोमवारी तेल घातल्यावर मीच फाटकापर्यंत फिरवून आणली ना."

"आणि टेबलावरची चेन तर कोरडी आहे."

मिस्त्री उठून उभा राहिला.

दाजी कॅबिनमध्ये जाऊन आले. साहेबांसमोर त्यांनी चेनच्या वीस कड्या ताणून पट्टीवर धरल्या होत्या आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देता "वा" एवढंच म्हणाले होते. "नव्या चेनच्या वीस कड्या म्हणजे दहा इंच. ही भरली दहा इंच दोन सूत, म्हणजे पाव इंच जास्त. एवढी वाढलेली चेन मागच्या दातेरी चक्राचं काय करते?"

"स्प्रॉकेटचं? खाऊन टाकते. दात मांजराच्या नखांसारखे वाकतात. चेन आणि स्प्रॉकेट बरोबरच म्हातारे होतात, दाजी."

दोघांनी सात नंबरच्या स्प्रॉकेटकडे पाहिलं. दात सरळ होते, एकसारखे, दुधाच्या दातांसारखे.

"या म्हातारीचा नवरा दुसरीकडेच आहे," दाजी म्हणाले. "सोमवारनंतर कोणीतरी तुझी चेन काढून ही लावली. सोमवारी संध्याकाळी शेडमध्ये कोण होतं?"

मिस्त्रीनं ओठ चावला. "शिट्टी म्हणतात ना, तो पोरगा. एकटाच होता."

३

दाजी आधी दवाखान्यात गेले. जावयाचा पाय वजनाला टांगला होता. वजन किती किलोचं आहे, हे दाजींनी सवयीनं वाचून घेतलं. उशाशी मिस्त्रीची लेक बसली होती, डोळे सुजलेले, हनुवटी वर.

"आतोबा, बाबांना वाचवायला आलात का?"

"मोजायला आलोय. वाचायचं ते आपोआप वाचतं." ते जावयाकडे वळले. "गाडी सोमवारी कशी होती?"

"लोण्यासारखी. मंगळवारी माझी सुट्टीच होती, खोली बदलायची होती. पहाटे शिट्टीचा फोन आला, त्याच्या गाडीचं चाक बसलंय, बर्फातलं इंजेक्शन तातडीनं न्यायचंय. मी जवळच राहतो. अंधारातच निघालो."

"वाटेत काही जाणवलं?"

जावई छताकडे बघत राहिला. "खरखर येत होती. मधूनच हिसका बसायचा. थांबून बघावं असं मनात आलं होतं. मग म्हटलं, मामांनी कालच बघितलीय. त्यांनी बघितलेल्या चेनला काय होणार?"

लेकीनं तोंड खिडकीकडे वळवलं.

"शिट्टी नक्की काय म्हणाला?"

"म्हणाला, सातच नंबर घे. ती उभीच आहे."

"तुझी चेन कोरडी होती, पोरा, पण तुझी रिम तेलकट आहे," दाजी उठत म्हणाले. मग लेकीकडे पाहून, "पावणेपाचला डेपोत ये. नजर चांगली असलेलं माणूस हवंय."

"मी का यायचं?"

"कारण माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवायला नकोस. बाबांच्याही नको."

४

शिट्टी हा चार नंबरवाला. सतत शिट्टी वाजवायचा म्हणून हे नाव. दाजींना बघताच त्याची शिट्टी अर्ध्या ओळीत थांबली. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"नखाला काय झालं रे?"

"दारात चेमटलं."

"सोमवारी संध्याकाळी शेडमध्ये?"

शिट्टी मटकन बसला. "दाजी, मी डबा विसरलो होतो, तो घ्यायला गेलो. गाडीला लाथ मारून स्टँड लावला, चाकात हवा नाही हे बघितलं, आणि सकाळी बघू म्हणून निघून गेलो. तिथंच चुकलं. तेव्हाच हवा भरली असती तर पहाटे मीच गेलो असतो. त्याला मीच फोन केला हो! सातच घे म्हणालो, कारण तिचं चेकिंग झालं होतं." तो गदगदून रडायला लागला. रडतानाही त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजत होती.

दाजींनी रडण्याचं माप घेता येत नाही म्हणून गाडीचं घेतलं. चार नंबरचे दात सरळ होते. मिस्त्रीनं गुडघ्यावर बसून आतल्या बाजूनं पाहिलं, चौथ्या कडीवर ठिपका होता. मग एक नंबर, दोन, तीन. पाच, सहा, आठ. सगळे दात सरळ, सगळे ठिपके जागेवर.

"म्हातारीचा नवरा यात नाही," मिस्त्री पुटपुटला. साडेचार वाजले होते.

राहिल्या स्टोअरबाई. त्या एका जाळीच्या खिडकीमागे बसत आणि पान्याच्या आकाराच्या स्क्रूपासून स्क्रूच्या आकाराच्या पान्यापर्यंत सगळं सही घेऊन देत.

"चेनलॉक उघडायला काय लागतं?" दाजींनी विचारलं.

"नोजप्लायर. लांब चोचीची पक्कड."

"सोमवारी कोणी नेला?"

बाईंनी रजिस्टर उघडलं. "कोणीच नाही."

"मंगळवारी?"

"मंगळवारी..." बाईंचं बोट थांबलं. "मंगळवारी सकाळी नऊला परत आलाय. काउंटरवर ठेवलेला होता. मी जमा करून घेतला."

"म्हणजे जी वस्तू गेलीच नाही, ती परत आली."

"असं होतं कधीकधी."

"कोणामुळे होतं?"

"उंदीर फार झालेत," बाई छताकडे बघत म्हणाल्या.

"उंदराला नोजप्लायर?"

"मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत, दाजी," बाई हळूच म्हणाल्या. "काही जणांकडून सही मागायची नसते."

पुढचं विचारण्याआधी बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. साहेब ऊन लागतं म्हणून आपली मोटरसायकल खडीवरून काढून शेडच्या सिमेंटवर आणून लावत होते. दाजींनी कान टवकारले.

कट्. कट्. कट्-कट्.

सिमेंटवर खडी नव्हती.

५

पाचला दहा मिनिटं कमी असताना शेडमध्ये सगळे जमले. साहेबांनी कागद आणला होता, पेनही आणलं होतं. लेक दारापाशी उभी होती, बापापासून मोजून दहा पावलांवर. मिस्त्रीनं तिच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"मिस्त्री सही करेल," दाजी म्हणाले. मिस्त्रीची मान झटक्यात वर आली. "फक्त त्याआधी आम्हा अडाण्यांना आदर्श चेन कशी असते ते साहेबांनी समजावून द्यावं. आपली गाडी डबल स्टँडवर घेऊ का?"

साहेबांना भाषणाची सवय होती. त्यांनी गाडी स्वतः स्टँडवर चढवली. "ही चेन बघा. अडीच वर्षं झाली."

"याच गाडीवर?"

"पहिल्या दिवसापासून."

"मध्ये काढली, बदलली, मिस्त्रीनं कधी बघितली?"

"सांगितलं ना, या चेनला माझ्याखेरीज कोणाचा हात लागलेला नाही!"

"सगळ्यांनी ऐकलं?" दाजींनी विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. स्टोअरबाईंनी तर मान दोनदा हलवली.

दाजी खाली वाकले. "मग साहेब, या स्प्रॉकेटचे दात बघा. मांजराच्या नखांसारखे वाकलेत. एवढे दात झिजतात ते वाढलेल्या, कोरड्या चेननं. आणि तुमची चेन..." पट्टी लागली. "वीस कड्या, दहा इंच, केसभर जास्त. नवरा सत्तरीचा आणि बायको पंचविशीची. म्हणून गाडी कट्-कट् करते. तिकडे सात नंबरचे दात कोवळे आणि चेन म्हातारी. तिकडे रिमवर तेल आणि चेनवर गंज. दोन्ही घरांत एकमेकांची माणसं बसलीत."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "हा अंदाज आहे. चेन सगळ्या सारख्याच असतात. नाव लिहिलेलं असतं का चेनवर?"

दाजी याच वाक्याची वाट बघत होते. स्टोअरमधला छोटा आरसा त्यांनी लेकीच्या हातात दिला. "इकडे ये, बाळ. हे चेनलॉक. इथून मागं मोज. आतल्या बाजूनं, आरशात बघत. काय दिसतं ते सांग."

ती गुडघ्यांवर बसली. लहानपणी बाप चेनला तेल घालायचा तेव्हा चाक फिरवायचं काम तिचं असे. तिचा हात आपोआप चाकावर गेला. जुने दात चेनमधून सुटताना ऐकू येत होते.

"एक. दोन. तीन." साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "चार. पाच. सहा."

ती थांबली. तिनं आरसा आणखी जवळ नेला.

"लाल ठिपका आहे," ती म्हणाली. मग आरशातच बघत, फार हळू, "हे माझ्या लग्नातलं नेलपॉलिश आहे. आई बाटली शोधत होती."

मिस्त्री दोन पावलं पुढं आला. "सातव्या कडीला," तो म्हणाला, "कारण तुझ्या नवऱ्याची गाडी सात नंबरची."

साहेब आपल्याच गाडीच्या सीटवर बसले. "दहा वाजता अधिकारी येणार होते," ते म्हणाले. "मी सगळ्यांना सांगत आलो, स्वतः साफ करतो, स्वतः साफ करतो. खरं तर वर्षभरात एकदाही बघितली नव्हती. सोमवारी बघितली तर ही दशा. मिस्त्रीला कसं सांगणार? सात नंबर मंगळवारी उभी राहणार होती. सुट्टी मीच मंजूर केली होती. रात्री शेड रिकामी झाल्यावर मी दोन्ही चेन बदलल्या, माझी तिथं नुसती लोंबत होती, ढीलही काढली नाही, कारण... कारण ती गाडी चालणारच नव्हती. संध्याकाळी मी परत लावणारच होतो."

"आणि तीन दिवस हा कागद कोणासाठी टाइप करत होतात?" लेकीनं विचारलं.

दाजींनी कागद उचलला. चष्मा नाकावर घेऊन पुन्हा वाचला.

"मजकूर उत्तम आहे," ते म्हणाले. "एक अक्षर बदलायला नको. सही तेवढी तुमची हवी." घड्याळात पाचला एक मिनिट होतं. "वेळेत आहात."

६

कागद साहेबांच्या सहीनिशी स्टोअरबाईंनी हेड ऑफिसच्या पाकिटात घातला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. सही घेतली. साहेबांनी ती मुकाट्यानं दिली.

दाजी फाटकाशी आले. गाडीला किक मारली, आणि ती दोन पावलं चालून अशी किंचाळली की शिट्टीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"उतरा," मिस्त्री म्हणाला.

"अरे, घरी जायचंय मला. तुझी बहीण..."

"उतरा, दाजी."

तीन दिवसांत पहिल्यांदाच तो मिस्त्रीच्या आवाजात बोलला होता. दाजी उतरले. मिस्त्रीनं गाडी डबल स्टँडवर घेतली, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि चेनवरून एकदाच फिरवला. रुमाल विटेच्या रंगाचा होऊन आला. त्यानं तो काही न बोलता दाजींच्या तोंडासमोर धरला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूत चुका काढलेले दाजी आपल्या बुटांकडे बघू लागले.

रॉकेलचा डबा आला, ब्रश आला. मिस्त्री खाली बसला आणि चाकाकडे हात नेणार, तोच दुसरा हात आधी पोचला. लेक समोरच्या बाजूला बसली होती. ओढणी कमरेला खोचून ती चाक फिरवू लागली. सावकाश, एका लयीत, त्याचं अर्धं बोट कड्यांजवळ आलं की थांबून.

दवाखान्याची संध्याकाळची भेटीची वेळ सहाला सुरू होत होती. ती घाईत नव्हती. आधी ब्रशचा आवाज आला, मग तेलाच्या थेंबांचा.

"बाबा," ती चाकावरून नजर न उचलता म्हणाली. हाक तीन दिवसांची साठलेली होती. मिस्त्रीनं डोळे बाहीला पुसले. बाहीला रॉकेल होतं, त्यामुळे डोळ्यांतून पाणी यायला कारणही मिळालं.

"काय गं?"

"आतोबांच्या चेनला ठिपका कितव्या कडीवर द्यायचा?"

मिस्त्रीनं रुमालाची दुसरी बाजू चेनवरून फिरवली, उजेडात धरली, आणि बराच वेळ निरखली.

"ही अजून पास झालेली नाही," तो म्हणाला. "फिरव."